फळा, पॅनल आणि एक भिंग: वर्गात तंत्रज्ञान नेमकं कुठे हवं?

खडूची_धूळ | शुक्रवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. भांडुपच्या एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत मी विज्ञान आणि गणित शिकवते. यंदा बाविसावं वर्ष. दोन वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेत मोठे टच पॅनल बसवून दिले. मला फार आनंद झाला होता, आजही आहे. पण गेल्या आठवड्यात जे घडलं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

दहावी अ ला 'भिंगे व त्यांचे उपयोग' चालू होतं. बहिर्वक्र भिंगाची प्रतिमा उलटी कशी पडते, याचं सुंदर ॲनिमेशन पॅनलवर तीनदा दाखवलं. "समजलं का?" एकसुरात "हो बाई". वह्यांत आकृत्या उतरल्या, किरण पट्टीने आखले गेले. एकानेही काही विचारलं नाही.

तेवढ्यात वीज गेली. पॅनल काळं, पंखे बंद. कपाटात हाताएवढं भिंग होतं, ते काढलं आणि खिडकीसमोर धरलं. मागे प्रयोगवहीचा कोरा कागद. भिंग जरा मागेपुढे केल्यावर कागदावर खिडकीचे गज उमटले, मागे आकाश खाली आणि रस्ता वर. आणि त्या रस्त्यावरून एक रिक्षा गेली. काडेपेटीपेक्षा लहान, काळी-पिवळी, चाकं वर करून, खऱ्या रिक्षेच्या उलट्या दिशेने.

शेवटच्या बाकावरचा मुलगा, जो वर्षभर माझ्याशी बोललेला नाही, ओरडला, "बाई, रिक्षा उलटी चालली!"

मग वीस मिनिटं वर्ग माझ्या हातात नव्हता. एका मुलीने विचारलं, "बाई, अर्धं भिंग हाताने झाकलं तर अर्धीच रिक्षा दिसेल ना?" मत घेतलं, जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला अर्धीच. तिलाच झाकायला सांगितलं. रिक्षा पूर्ण दिसली, फक्त मंद. भिंगाच्या प्रत्येक भागातून पूर्ण वस्तूचे किरण जातात, हे त्या दिवशी मला सांगावं लागलं नाही. त्यांनीच भांडून भांडून काढलं.

ॲनिमेशन माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं समजावत होतं, तरी प्रश्न एकही आला नाही. असं का?

माझं सध्याचं मत असं: जे डोळ्यांना दिसू शकतं ते डोळ्यांनाच दाखवावं. जे दिसूच शकत नाही, तारेतला प्रवाह, अणू, रक्तातली पेशी, त्यासाठी पडदा वापरावा. तुमचा अनुभव काय? शिक्षक, पालक, मुलं, सगळ्यांनी लिहा.

बाराखडी | शुक्रवार, रात्री १०:३१

चाकं वर करून रिक्षा! ताई, उद्या मुलाला घेऊन गॅलरीत हाच उद्योग करणार. भिंग कुठलं घ्यायचं?

खडूची_धूळ | शुक्रवार, रात्री १०:३८

@बाराखडी, स्टेशनरीच्या दुकानात वाचायचं साधं भिंग मिळतं, ते पुरतं. खोलीत अंधार आणि बाहेर लख्ख ऊन हवं. कागद भिंतीला चिकटवा, म्हणजे हात हलत नाही.

पवईकाठचा | शुक्रवार, रात्री ११:०५

मी शैक्षणिक सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत अकरा वर्षं काम करतो. बाई, तुमचा धडा वाचून अंगावर काटा आला, पण निष्कर्षाशी असहमत.

तुम्ही ॲनिमेशन तीनदा दाखवलंत, पण मध्ये थांबवलंत का? भिंग हातात असताना तुम्ही थांबत होता, मत घेत होता, मुलीला झाकायला सांगत होता. तोच खेळ पडद्यावर खेळता आला असता. व्हिडिओ सुरू केला की शिक्षक बाजूला सरकतो आणि मुलं प्रेक्षक होतात, पण ते होतं आपण तो थांबवत नाही म्हणून. पडद्याचा त्यात दोष नाही.

आम्ही गिऱ्हाइकांना हेच सांगतो आणि कोणी ऐकत नाही. पॅनलसाठी पैसे निघतात, पण शिक्षकांना दोन दिवस बसून धडा आखायला वेळ कोणी देत नाही. उद्घाटनाचा नारळ फुटतो आणि मग तो पॅनल पाच वर्षं पीपीटी दाखवतो.

शुद्धलेखन_वही | शुक्रवार, रात्री ११:२०

@पवईकाठचा, पूर्ण सहमत. आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे पॅनल चालू कसा करायचा आणि पेनचा रंग कसा बदलायचा. चाळीस मिनिटं. पाठ कसा घ्यायचा, हा विषयच नव्हता.

सहा_टिंबं | शनिवार, सकाळी ६:५०

मी विशेष शिक्षिका आहे. दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी मुलं ज्या सामान्य शाळांत शिकतात, तिथे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जाते. धागा रात्रीच वाचला, झोप लागली नाही, म्हणून लिहिते. राग मानू नका.

"डोळ्यांना दिसतं ते डोळ्यांनाच दाखवावं" हे वाक्य फार गोड आहे आणि मला ते टोचलं. फळ्याबद्दल लोक हळवं होऊन बोलतात तेव्हाही टोचतं. फळा माझ्या मुलांना कधीच दिसला नाही. पन्नास वर्षं "फळ्यावरचं उतरवून घ्या" या एका वाक्याने त्यांना वर्गाबाहेर ठेवलं. त्यांच्या आयुष्यात खरा बदल झाला तो याच तंत्रज्ञानाने.

माझी एक विद्यार्थिनी नववीत आहे. तिच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे. हे पडदावाचक सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. मराठीही वाचतं, आवाज जरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, पण वाचतं. इतिहासाचा अख्खा धडा ती इतक्या वेगाने ऐकते की मला एक शब्द कळत नाही. पहिल्यांदा स्वतःचा स्वतः धडा वाचला, त्या दिवशी तिने तो पाच वेळा ऐकला. पाठ करायचा होता म्हणून नव्हे. कोणाला विनंती न करता वाचता आला म्हणून.

तेव्हा पडदा हवा की नको असा माझा प्रश्नच नाही. त्या पडद्यावरचं माझ्या मुलीपर्यंत पोचतं का, एवढंच मला विचारायचं असतं. बहुतेक वेळा पोचत नाही, आणि कारण साधं आहे. शिक्षक गटावर नोट्सचा फोटो टाकतात. पडदावाचक फोटोला फक्त "इमेज" म्हणतो. कोणी जुन्या फाँटमध्ये टाइप करतं, कृतिदेव वगैरे, तिथे तो नुसती इंग्रजी अक्षरं बडबडतो, कारण आत मराठी नसतंच. युनिकोडमध्ये टाइप केलं, तरच ते वाचलं जातं.

आणि पॅनलपाशी उभं राहून "हे इथून असं इकडे जातं" म्हणू नका. "किरण भिंगातून वाकून मुख्य नाभीतून जातो" म्हणा. खर्च शून्य.

खडूची_धूळ | शनिवार, सकाळी ७:२५

सहा_टिंबं ताई, राग कसला. मी ते वाक्य लिहिताना वर्गात सगळ्यांना दिसतं असं गृहीतच धरलं होतं. बाविसाव्या वर्षीही. आता शाळेत निघाले आहे, रात्री नीट लिहिते.

मस्टरवाला | शनिवार, दुपारी १:१५

विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही, पण मनातलं लिहितो. प्राथमिकला शिकवतो. 'शिक्षणात तंत्रज्ञान' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पॅनल येतो, माझ्या डोळ्यांसमोर माझा स्वतःचा फोन. सकाळी मुलांची हजेरी ॲपवर, मग आहाराची माहिती, मग आधार जुळत नाही म्हणून पालकाला फोन, मग चाचणीचे गुण एकेक करून भरा, सर्व्हर पडला की रात्री अकराला पुन्हा भरा. मुलं "सर, वही तपासा ना" म्हणत टेबलापाशी उभी असतात आणि मी त्यांच्याकडे न बघता "थांब हं" म्हणतो. तंत्रज्ञानाने माझा वेळ वाचला असता तर तो मुलांना मिळाला असता. झालं उलटंच.

शुद्धलेखन_वही | शनिवार, दुपारी १:४०

@मस्टरवाला +१००. "थांब हं" वाचून डोळ्यांत पाणी आलं. दिवसातून किती वेळा म्हणते मी हे.

जुना_फळा | शनिवार, दुपारी ३:०५

निवृत्त मुख्याध्यापक, दादर. वय ७४. पोरांनो, थोडा इतिहास सांगतो.

आमच्या तरुणपणी रेडिओवर शालेय कार्यक्रम लागत. मुलं व्हरांड्यात मांडी घालून ऐकायची. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्हीवरून शिक्षण पोचवण्याचा प्रयोग झाला. आपलं राज्य त्यात नव्हतं, पण आम्ही शिक्षक कौतुकाने वाचायचो. १९८४ मध्ये पुण्याला बालचित्रवाणी, म्हणजे मुलांसाठी शैक्षणिक टीव्ही कार्यक्रम बनवणारी संस्था, सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद झाली. आज चाळिशीत असलेल्यांना ती धून आठवत असेल. नंतर २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत मुलागणिक एक लॅपटॉप देण्याचा भारतातला पहिला प्रयोग झाला. म्हणजे मुंबईहून लोकलने कर्जत, तिथून पुढे. मी मुद्दाम बघायला गेलो होतो.

प्रत्येक वेळी कोणी ना कोणी म्हणालं की आता शिक्षकाची गरज उरणार नाही. आणि प्रत्येक वेळी शाळेत गेल्यावर मला एकच दिसलं. जिथे शिक्षक जागा होता तिथे ते यंत्र कामाला लागलं होतं, नाहीतर त्याच्यावर कापड टाकून ठेवलेलं होतं. आमच्या शाळेतल्या टीव्हीला तर कुलूपबंद लाकडी पेटी होती आणि किल्ली माझ्याकडे. मुलांनी हात लावला तर बिघडेल ही भीती. आज वाटतं, बिघडला असता तर बिघडला असता.

बाराखडी | शनिवार, दुपारी ३:२२

बालचित्रवाणी! काका, दुपारी शाळेतून आलं की आई जेवण वाढायची आणि ते लागलेलं असायचं. धून अजून डोक्यात आहे, पण शब्दांत लिहिता येत नाहीये.

पवईकाठचा | शनिवार, दुपारी ४:००

@जुना_फळा काका, ती किल्ली आजही आहे, फक्त तिला पासवर्ड म्हणतात. कितीतरी शाळांत तो एकाच सरांना माहीत असतो आणि ते रजेवर असतात.

आकडे हवेत म्हणून सांगतो. 'असर' या शिक्षण सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल ग्रामीण भारताचा आहे, मुंबईचा नाही, तरी बघा. १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी आधीच्या आठवडाभरात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. म्हणजे मुलांना यंत्र शिकवायची गरज नाही. त्यावर अभ्यास कसा करायचा, ते कोणीतरी शेजारी बसून दाखवायला हवं.

सातची_लोकल | शनिवार, संध्याकाळी ७:४८

मी इथे फक्त वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय. इंजिनिअरिंगला आहे. २०२० मध्ये आठवीत होतो.

घरात एक फोन, बाबांचा. बाबा वॉचमन, रात्रपाळी. सकाळी सातला ते येऊन झोपायचे, मग फोन मला आणि ताईला. तिची दहावी, त्यामुळे पहिला हक्क तिचा. माझा तास असेल तेव्हा मी व्हिडिओ बंद ठेवायचो, कारण मागे बाबा झोपलेले दिसायचे. सरांना वाटायचं मी लक्ष देत नाही.

धडे सगळे यायचे, पीडीएफ यायच्या, व्हिडिओ यायचे. शेजारी कोणी नव्हतं, एवढंच. वर्गात काही सुटलं की "काय लिहिलंय रे?" म्हणून शेजारच्याच्या वहीत बघता यायचं. ऑनलाइनला ते नाही. माइक चालू करून पन्नास जणांसमोर "मला नाही कळलं" म्हणायला छाती लागते. मी नाही म्हटलं एकदाही.

आमच्या गणिताच्या बाई आठवड्यातून दोनदा साधा फोन करायच्या. प्रत्येक मुलाला, पाच मिनिटं. "कुठल्या उदाहरणाला अडलास ते वाच." मी वाचायचो, त्या म्हणायच्या, "आता दुसरी पायरी कशी केलीस ते सांग." चूक मलाच सापडायची. ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा उघडली तेव्हा मी नववीत होतो आणि बीजगणितात मागे नव्हतो. त्या दीड वर्षातलं सगळ्यात भारी तंत्रज्ञान म्हणाल तर तो फोन.

सहा_टिंबं | शनिवार, रात्री ८:०२

बाळा, लिहीत राहा इथे.

मस्टरवाला | शनिवार, रात्री ८:१०

तुझ्या बाईंना सांगितलंस का कधी हे? नसेल तर आज सांग.

सातची_लोकल | शनिवार, रात्री ८:५५

सांगितलं आत्ता. रडल्या. मीपण.

शुद्धलेखन_वही | शनिवार, रात्री ९:३०

मी मराठी शिकवते, तर माझाही अनुभव. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध घरून लिहून आणायला दिला. पाच जणांचे निबंध 'निसर्गाच्या कुशीत चिंब झालेल्या आठवणींनी' संपले. चॅटजीपीटी. पण खरं सांगू, पूर्वी याच मुलांचे निबंध गाइडमधून यायचे आणि धरित्री 'हिरवा शालू' नेसायची. उसना निबंध तेव्हाही होता, आता फक्त कष्ट कमी झाले.

ओरडले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "घरापासून शाळेपर्यंत येताना पावसात तुला जे ऐकू येतं तेवढंच लिही. दहा ओळी. आत्ता." टेकडीवरच्या वस्तीत राहणाऱ्या एका मुलाने लिहिलं, "आमच्याकडे पाऊस आधी पत्र्यावर येतो, मग दिसतो. आई भांडी लावायला उठते त्या आवाजावरून मला कळतं कुठे गळतंय." आता तो निबंध मी पॅनलवर लावते आणि वर्ग त्यावर बोलतो. गाइड किंवा यंत्र, त्या मुलाच्या घरी दोन्हीतलं कोणीच राहत नाही.

पालक_घाटकोपर | शनिवार, रात्री १०:१०

दोन मुलं, एक चौथीत, एक सातवीत. पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करायला माझा फोन घेतात आणि अर्ध्या तासाने बघावं तर भलतंच चालू. कोड चांगला की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

जुना_फळा | रविवार, सकाळी ८:३०

@पालक_घाटकोपर, त्या कोडची गोष्ट ऐका. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले शिक्षक म्हणून गेले तेव्हा तिथल्या मुलींच्या घरची भाषा कन्नड होती. त्यांनी आधी पाठ्यपुस्तकं मुलींच्या भाषेत आणली आणि मग क्यूआर कोडमधून कविता, व्हिडिओ जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत कोड आले. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ, दहा लाख डॉलर, त्यांना मिळालं आणि निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून दिली.

कोडच्या आधी तिथे काय होतं ते बघा. मुलीला पुस्तक का कळत नाही, हा प्रश्न. तुमच्या मुलालाही आधी विचारा की धड्यातलं नेमकं काय बघायचंय, आणि तेवढं शेजारी बसून बघा.

खडूची_धूळ | रविवार, रात्री ९:१५

सगळं दोनदा वाचलं. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मध्ये एक तास घेऊन पाहिला.

पवईकाठचा, तुम्ही बरोबर होता, मी थांबवलं नव्हतं. काल नववी ब ला 'धाराविद्युत' होतं. फेटची परिपथाची प्रतिकृती पॅनलवर लावली. फेट म्हणजे संगणकावर करून बघायच्या विज्ञानाच्या प्रतिकृतींचा संच. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात तो सुरू केला, त्यातलं कितीतरी मराठीत आहे आणि डाउनलोड करून नेटशिवायही चालतं. एकसरीत, म्हणजे एकापाठोपाठ एक, दोन सारखे दिवे जोडले, पण कळ दाबली नाही. "वहीत लिहा, धन टोकाजवळचा दिवा जास्त उजळेल, कमी की सारखाच? कारणासकट." निम्म्याहून जास्त वर्गाने लिहिलं, पहिला जास्त उजळेल, कारण तो करंट खाणार आणि दुसऱ्याला उरलेला मिळणार. किती वर्षं शिकवतेय, आणि मुलांच्या मनात दिवा करंट 'खातो' हे मला काल कळलं. फळ्यावर मी सूत्र लिहायचे, ती गणितं सोडवायची, गुणही मिळायचे.

कळ दाबली. दिवे सारखे. पडद्यावरचे इलेक्ट्रॉन दोन्ही दिव्यांतून एकाच वेगाने चाललेले. मग एक मुलगा म्हणाला, "बाई, लोकलचे डबे! पहिला डबा पुढे गेला म्हणून मागचा कमी वेगाने नाही जात." इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

सहा_टिंबं ताई, आता तुमचं. नववी ब मध्ये एक मुलगी अल्पदृष्टी आहे, जाड भिंगाचा चष्मा, पहिल्या बाकावर. काल मी तासभर फक्त तिच्याकडे लक्ष ठेवलं. तिने दिवे बघितलेच नाहीत. शेजारणीने सांगितलं ते लिहिलं. बारा महिने ती माझ्या वर्गात आहे आणि मला वाटत होतं पहिला बाक दिला म्हणजे झालं. तिला परिपथ कसा 'दाखवू'?

सहा_टिंबं | रविवार, रात्री ९:४०

दिव्याच्या जागी बझर लावा. परिपथ पूर्ण झाला की वाजेल. तारा तिच्या हाताने जोडू द्या. एक तार सोडली की आवाज बंद, जोडली की चालू. वाहक-दुर्वाहकही तसंच: पट्टी, खिळा, खोडरबर, पेन्सिलीचं शिसं, एकेक करून तिलाच मध्ये ठेवू द्या. भिंगाच्या आकृतीसाठी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवा, किरण बोटाने वाचता येतात. भिंगासाठी जाड पुठ्ठ्याचा कापलेला आकार. मुख्य नाभीला टिकली किंवा डाळीचा दाणा.

आणि बझर सगळ्या वर्गाला द्या, एकटीला नको.

मस्टरवाला | रविवार, रात्री ९:५२

लॅमिंग्टन रोडला बझर खूप स्वस्त मिळतात. तीन व्होल्टचे मागा, दोन पेन्सिल सेलवर चालतात. लाल तार धनला, उलट जोडली तर वाजत नाही. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर जा.

खडूची_धूळ | रविवार, रात्री १०:०५

दहा आणते. ताई, सुतळीची भिंगं आपण दोघी मिळून करूया का? या आठवड्यात कुठल्या दिवशी भांडुपच्या बाजूला येताय?

सहा_टिंबं | रविवार, रात्री १०:०८

गुरुवारी मुलुंडला असते. चारनंतर येते. डाळ तूरडाळ घ्या, मसूर बोटाला लागत नाही.